वाढत्या अंगाचं

एप्रिल संपता संपता लेकीच्या शाळेतून प्रगतिपुस्तक घेऊन आले. चौथी संपली होती. पालकसभेच्या गर्दीत पानं नुसती चाळली होती, म्हणून रात्री ओटा आवरल्यावर निवांत वाचायला घेतलं. मराठी, गणित, परिसर अभ्यास, सगळीकडे बाईंनी मनापासून लिहिलं होतं. ‘कविता चालीत म्हणते’, ‘भागाकारात घाई करते’, ‘शेजारच्या मुलीला समजावून सांगते’. ही माझीच मुलगी, हे ओळीओळीतून कळत होतं. शेवटच्या पानावर, उपस्थितीच्या खाली, एक छोटा चौकोन होता. उंची आणि वजन. पहिल्या सत्रात उंची १३१ सेंटिमीटर, दुसऱ्या सत्रात १२९. वजन दोन्हीकडे २७ किलो. लेक माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिने ते आकडे पुन्हा पुन्हा वाचले आणि विचारलं, “आई, मुलं कमीपण होतात का गं?”

“नाही गं, मोजताना काहीतरी चुकलं असेल,” असं सांगून तिला झोपवलं. चुकण्यासारखं खूप असतंच. एकदा बूट घालून मोजलं आणि एकदा काढून, तर तेवढ्याने फरक पडतो. उंच बांधलेली वेणी आडवी येते. सकाळी उठल्यावर माणूस जेवढा उंच भरतो तेवढा संध्याकाळी भरत नाही. दिवसभर उभं राहून, बसून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि जवळजवळ एक सेंटिमीटर कमी होतो. त्यात पन्नास मुलांचा वर्ग, एका तासात सगळी मोजायची, त्याच आठवड्यात निकालपत्रकं. हे सगळं कळत होतं, तरी ते दोन आकडे डोक्यातून जाईनात. गणितात दोन गुण चुकून कमी पडले असते तर दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या दारात पालक उभे राहिले असते. लेकीच्या वर्गातल्या दोन-तीन मुलींच्या आयांना फोन केला. कुणीच तो चौकोन वाचला नव्हता. एकीने पुस्तक काढून बघितलं, तर तिच्या मुलीचं वजन वर्षभर तेवढंच होतं आणि उंचीची जागा कोरी.

मूल वाढतंय की नाही हे सांगणारा, वर्षभरात घरात आलेला तो एकच कागद होता.

मूल तान्हं असतं तेव्हा असं नसतं. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, ताई रंगीत पट्ट्यांच्या तक्त्यावर टिंब काढतात. दवाखान्यात लसीच्या प्रत्येक फेरीला बाळ काट्यावर ठेवलं जातं, ग्रॅमाग्रॅमाची चर्चा होते, आजी बाळसं धरलं म्हणून दृष्ट काढते. मग पाच-सहा वर्षांचं झालं की लसी विरळ होतात, अंगणवाडी सुटते, दप्तर पाठीवर येतं आणि मोजणं संपतं. पुढची कितीतरी वर्षं मूल डॉक्टरांना दिसतं ते ताप आला तर. थेट आठवी-नववीत घरात कुजबुज सुरू होते: उंची का राहिली, पाळी अशी का येते, एवढ्या लहान वयात शुगर कशी निघाली. मधल्या वर्षांत मूल धडधाकट दिसतं, म्हणून त्याच्या अंगात काय चाललंय इकडे कुणाचं लक्ष जात नाही. चाललेलं मात्र खूप असतं. सहाव्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं, २ ते ३ किलो वजन घेतं. पुढचे दुधाचे दात पडून फटी दिसायला लागतात त्याच सुमाराला, अगदी मागे, कुठलाही दात न पडता पहिली कायमची दाढ उगवते. घरच्यांना वाटतं दुधाचीच आहे, किडली तर किडली, पडणारच आहे. ती पडली की पुन्हा येत नाही. माझ्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या याच दाढा बघून हळहळतात.

एका दिवसाच्या उंचीतून फार काही कळत नाही. ठेंगण्या आईबापांचं मूल ठेंगणं असेल आणि ठणठणीतही असेल. कळतं ते वर्षभरात किती वाढलं यावरून. या वयात वर्षाला चार सेंटिमीटरसुद्धा वाढ नसेल तर डॉक्टर कारण शोधतात. थायरॉइड मंद असेल, गहू पचत नसेल, मूत्रपिंडाचं दुखणं असेल, मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोम हा गुणसूत्रांतला जन्मजात दोष असेल, वाढीचं संप्रेरक कमी पडत असेल. यातल्या बहुतेकांवर काहीतरी उपाय आहे. पण तो हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या मिटायच्या आत व्हावा लागतो. पाळी सुरू झाल्यानंतर मुलीची उंची साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते. आठव्या-नवव्या वर्षी लक्षात यायला हवं ते चौदाव्या वर्षी आलं, तर डॉक्टरांच्या हातात फार थोडं उरतं. आपल्या मुलांसाठीचे तक्तेही आहेत. पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांनी भारतीय मुलांच्या वाढीवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वयासाठी नवे तक्ते आणले ते त्याच कामातून. त्या तक्त्यावर मांडायला खरे आकडे हवेत. माझ्या हातातल्या पुस्तकाप्रमाणे माझी मुलगी त्या रेषेवरून उलटी चालली होती.

आमच्या लहानपणी गावात हा हिशेब शिंपीकाकांकडे असायचा. जूनच्या पहिल्या पावसाआधी आई आम्हा बहिणींना त्यांच्या ओसरीवर नेऊन उभी करायची आणि एकच गोष्ट सांगायची, “वाढत्या अंगाचं शिवा हो.” निळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास, मशीनच्या तेलाचा वास, आणि गळ्यातली टेप काढून काका कमरेपासून गुडघ्याखाली माप घेताना पायाला होणारा तिच्या पितळी टोकाचा गार स्पर्श. स्कर्टला आतून चार बोटं दुमड असायची. पुढच्या जूनला आई ती उसवायची, इस्त्री फिरवायची, आणि खाली गर्द निळी पट्टी उघडी पडायची, कारण वरचं कापड वर्षभर उन्हात विटलेलं असायचं. ती पट्टी आम्हाला मिरवावीशी वाटे. वर्गात सगळ्याच मुलींच्या स्कर्टांना ती असायची, कुणाची रुंद, कुणाची अरुंद. काकांची एक लांबट वही होती, तिच्यात गावातल्या घराघरांतल्या मुलांची मापं सालवार लिहिलेली. आमच्या शेजारच्या एका मुलीचं माप घेताना त्यांनी वहीची मागची पानं उलटली, थांबले, आणि तिच्या आईला म्हणाले, “वहिनी, पोरीचं माप दोन सालं तेच आहे. तालुक्याला दाखवून आणा.” दाखवलं. अंगात रक्त अगदी कमी होतं आणि पोटात जंत. औषधपाणी झालं, खाणं सुधारलं, पुढच्या जूनला तिची दुमड उसवावी लागली. शिंपीकाकांना वैद्यक काही येत नव्हतं. त्यांच्याकडे गेल्या वर्षीचं माप होतं आणि ते उघडून बघायची सवय होती.

आता गणवेश तयार मिळतात, वयानुसार नंबर पाहून. ती वही गेली.

त्याच वर्षांतली आणखी एक आठवण तांदळाची. १५ ऑगस्ट १९९५ ला शाळेत जेवणाची केंद्राची योजना सुरू झाली, पण आमच्या हातात यायचे ते कोरडे तांदूळ. महिन्यात ८० टक्के हजेरी असेल तर तीन किलो. शाळेच्या पडवीत गोणी उघडल्या की तागाचा आणि भुसकटाचा वास वर्गात शिरायचा, आणि आम्ही घरून आणलेल्या पिशव्या धरून रांगेत उभं राहायचो. ते तांदूळ घरच्या डब्यात पडले की सगळ्यांचे व्हायचे, त्यात शाळेत जाणाऱ्या मुलाचा वाटा वेगळा कुठून निघणार? सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला शिजवलेलं अन्नच द्या असं बजावलं, आणि मग शाळेशाळेतून चूल पेटली. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब. सहावीपासून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. खिचडीला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यात नाही. मी ती ताटात पडताना बघितली आहे.

बघितली ती ताईच्या शाळेत. माझी थोरली बहीण अकोले तालुक्यात, डोंगराकडच्या भागात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दोन शिक्षकांची, चौथीपर्यंतची शाळा. तिथे जुलैत गेलं की पाऊस दिवसेंदिवस थांबत नाही. मुलं डोक्यावर खताच्या गोणीची खोळ घेऊन येतात, दारात पाय पुसतात, आणि ओल्या केसांचा, धुराचा, शिजत्या डाळीचा वास एकत्र होऊन वर्गभर राहतो. दर जुलै आणि दर जानेवारी ताई मुलं मोजते. गेल्या जुलैत मी तिथेच होते. कार्यालयाच्या खोलीत कपाटाने आडोसा केलेला. आधी ती वजनकाटा फरशीच्या सपाट जागी ठेवते आणि त्यावर पोषण आहाराचं पाच किलोचं लोखंडी माप ठेवून काटा खरा आहे ना बघते. उंचीची कागदी पट्टी इथल्या ओलीत टिकत नाही, म्हणून तिने भिंतीवर तैलरंगाने सेंटिमीटर आखून घेतलेत. मूल अनवाणी येतं. “टाच टेकव. पाठ टेकव. आता समोर, खिडकीच्या कडीकडे बघ.” मग गणिताच्या पेटीतला मोठा लाकडी गुण्या एका हाताने भिंतीला आणि डोक्याला लावायचा, केस दाबायचे, आणि स्वतः गुडघ्यावर बसून डोळा त्या खुणेच्या रेषेत आणायचा. वरून बघितलं की आकडा चुकतो, हे ती शिकून आली आहे. आकडा मूल स्वतः वाचतं आणि स्वतःच्या हाताने रजिस्टरात लिहितं. तिसरीतल्या एका मुलाने लिहिलं, मागच्या जानेवारीचा आकडा शोधला, बोटांवर वजाबाकी केली आणि म्हणाला, “बाई, तीन वाढलो.” आणि छाती काढून बाहेर गेला. पुढचा आत यायच्या आधी ताईने मला हळूच सांगितलं, “याची आई गेली दिवाळीत. मला भीती होती.”

ताईच्या शाळेत निम्मी मुलं सकाळी कोरा चहा आणि त्यात बुडवलेली भाकरी खाऊन येतात. आई पहाटे कामाला गेलेली असते, दुसरं काय करणार? चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, त्यामुळे भाकरी पोटात गेली तरी रक्त वाढत नाही. दहाच्या आतल्या मुलांना लोहाची गुलाबी गोळी असते, मोठ्यांना निळी, आठवड्यातून एकदा, जेवल्यावर. सुरुवातीला घराघरांतून तक्रार आली की पोरांना शी काळी होतेय. ताई आणि आशाताई पाड्यावर हिंडल्या, ते गोळीमुळे होतं आणि त्यात अपाय नाही हे एकेकीला बसून सांगितलं. जंताची गोळी १० फेब्रुवारीला, ४०० मिलिग्रॅमची, २०१५ पासून. ती चावून खायची असते आणि पोरं तोंडं वाकडी करतात. पण अनवाणी पायांतून शिरणारा अंकुशकृमी नावाचा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो, तेव्हा लोहाची गोळी जंताच्या गोळीशिवाय वायाच. आणि शौचालयाला पाणी नसेल, चपला नसतील, तर दोन्ही गोळ्यांचं काम अर्धंच होतं. हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे आणि ताईसारख्या बाईला ते रोज दिसतं. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, शाळेत लघवीला जायला नको म्हणून. ताईने आधी नळ दुरुस्त करून घेतला, मग दाराची कडी बसवली, मग रोज अकराला सगळ्यांना पाणी प्यायला लावलं. कडी बसल्यावर पाणी प्यायलं जायला लागलं, हे ती आवर्जून सांगते.

अंड्याबद्दल मात्र ती अजून शांतपणे बोलू शकत नाही, आणि मीही. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं आलं, न खाणाऱ्याला केळं. एका अंड्यात सहाएक ग्रॅम चांगली प्रथिनं. त्या दिवशी हजेरी भरून वाहायची. मुलं अंडं सोलताना बोलत नसत. पांढरं आधी खाऊन पिवळं शेवटी ठेवणारी, धाकट्या भावासाठी अर्धं खिशात टाकणारी, कवचाला चिकटलेलं दातांनी खरवडून घेणारी. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा वेगळा निधी शासनाने थांबवला. गावाने वर्गणी काढून चालवावं असं सुचवलं गेलं, पण ज्या गावात वर्गणी निघू शकते त्या गावातल्या पोरांना अंडं घरीही मिळतं. हा निर्णय चुकीचा होता असं माझं स्पष्ट मत आहे. वाढत्या वयातलं एक वर्ष हुकलं तर ते पुढच्या अर्थसंकल्पात भरून निघत नाही.

सरकारचं सगळंच असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला, तेव्हा पालघर अजून ठाणे जिल्ह्यातच होतं. त्याची गाडी वर्षातून एकदा ताईच्या शाळेत येते: दोन डॉक्टर, नर्सबाई, औषधनिर्माता. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार, विकासातली दिरंगाई असं चारही अंगांनी मूल बघतात. ताईकडे एक मुलगा होता, लगोरी खेळताना मध्येच खाली बसायचा. पोरं त्याला आळशी म्हणायची, घरचे म्हणायचे अंगात जीवच नाही. ताईच्या रजिस्टरात त्याचं वजन वर्षभर हललं नव्हतं, म्हणून गाडी आल्यावर तिने त्याला रांगेत सगळ्यांच्या पुढे केलं आणि ते पान डॉक्टरांसमोर उघडून ठेवलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. हृदयाला छिद्र होतं. पुढचं सगळं, तपासण्या, मुंबईतली शस्त्रक्रिया, विनाखर्च झालं. आता तो मोठ्या शाळेत आहे आणि कबड्डी खेळतो. नळी लावायला डॉक्टरच हवेत, पण कुठल्या मुलाला पुढे करायचं हे रोज बघणारीलाच माहीत असतं.

डोळ्यांचंही तसंच. फळ्यावरचं लिहून घेताना शेजारच्याच्या वहीत बघणारं मूल नक्कल करतंय असं वाटतं. ताई त्याला आधी दाराशी उभं करून लांबचा तक्ता वाचायला लावते. एका मुलीला चष्मा लागला तर तिची आजी भांडायला आली, चष्मिश पोरीला कोण करणार म्हणून. ताईने त्या मुलीला आजीसमोर फळ्यावरचा धडा आधी चष्म्याशिवाय वाचायला लावला, मग चष्मा लावून. आजी गप्प झाली, पण राग गेला नाही. चष्मा शाळेतच ठेवून जायचं अशी तडजोड झाली. ताईला ते आवडलेलं नाही. मुलगी घरी अभ्यास करते तेव्हा तिचे डोळे ताणतच असतील.

पुण्यात आमच्याकडे प्रश्न उलट्या बाजूने येतो. इथल्या मुलांना खायला कमी नाही. आमच्या सोसायटीतली मोकळी जागा पार्किंगने खाल्ली, उरलेल्या पट्टीत चेंडू खेळला तर गाड्यांना लागतो म्हणून मनाई. मुलं घरात, हातात मोबाइल, पुढ्यात वेफर्स. चष्मे इथेही वाढतायत, पण कारण वेगळं: उजेडात जाणंच राहिलं नाही. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं उघड्यावर काढायचं ठरवलं आणि वर्षानुवर्षं वाढत चाललेलं अधू नजरेचं प्रमाण त्यानंतर खाली यायला लागलं. आमच्या पट्टीत दहा मिनिटांतच कुणीतरी गॅलरीतून ओरडतं. झोपेचं तेच. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्री ९ ते १२ तास झोप हवी, आणि इथे मोठ्यांचं जेवणच साडेदहाला होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा निर्णय काढला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मग दोन सत्रांचा प्रश्न आला, बसच्या फेऱ्यांचा आला. आमच्या गेटवर अजूनही काही मुलं पावणेसातला डोळे मिटून उभी असतात.

आणि दिसण्यावरून काही कळेल म्हणावं, तर तेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा माग ठेवला. बाळं जन्मताना जेमतेम पावणेतीन किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा किती हलकी, पण अंगातली चरबी त्या मानाने टिकून. कमी होतं ते मांस. तीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तर ज्यांच्या आयांना गरोदरपणी बी-१२ कमी पडलं होतं त्यांच्यातल्या काहींत इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं तेव्हाच दिसली. सहाव्या वर्षी. पहिलीच्या वर्गात. कडेवरून नुकतं उतरलेलं, काडीसारखं दिसणारं मूल, त्याच्या मधुमेहाची तयारी आतून सुरू असू शकते. तेव्हापासून बारीक म्हणजे ठीक आणि गुटगुटीत म्हणजे छान, ही दोन्ही वाक्यं माझ्या तोंडून निघत नाहीत.

एवढं सगळं लिहूनही मोजण्याची मला भीती वाटते, ती अशी. लेकीच्या वर्गात मागच्या वर्षी वजनं झाली तेव्हा एक मूल काट्यावर, एक लिहिणारं, आणि आकडा सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा मोठ्याने. एका मुलीचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच मोठा निघाला. मधल्या सुट्टीपर्यंत तिला त्या आकड्याने हाक मारायला लागले होते. ती मुलगी आमच्याकडे खेळायला येते. पोहे केले होते, तिने बशी बाजूला सारली. “भूक नाही काकू.” तिच्या डोळ्यांत भूक दिसत होती. लेकीने मला रात्री सगळं सांगितलं, आणि पुढे हेही, की आपलं वजन कमी आहे याचं तिला वर्गात बरं वाटलं. मला दोन्हींचं वाईट वाटलं. ज्या वयात अंग भराभर बदलायच्या उंबरठ्यावर असतं, मुली तर मुलांच्या दोनेक वर्षं आधीच उंचीची उडी घेतात आणि त्याआधी थोड्या भरतातही, त्या वयात आकडा असा उघड्यावर फेकला की मूल आपल्या शरीराकडे दुसऱ्यांच्या नजरेने बघायला लागतं. ते पुसायला पुढे फार वर्षं लागतात. म्हणून ताईच्या त्या कपाटाच्या आडोशाचं मला एवढं मोल वाटतं. तिथे एका वेळी एकच मूल. तुलना असेल तर ती स्वतःच्या मागच्या ओळीशी.

प्रगतिपुस्तक घेऊन वर्गशिक्षिकांना भेटले. तक्रार म्हणून गेले नव्हते, आणि त्यांनीही तसं घेतलं नाही. चौकोन बघून त्या खरोखर अस्वस्थ झाल्या. काटा एकच, चार मजल्यांच्या शाळेत फिरतो. पीटीचा तास अभ्यासक्रम संपवायला जातो. आकडे पोर्टलवर भरायची शेवटची तारीख आधी येते आणि काटा नंतर. “हे आकडे पुढे कुणी वाचतं का, हेच आम्हाला कधी कळत नाही,” त्या म्हणाल्या. मी ताईची पद्धत सांगितली: आडोसा, गुण्या, अनवाणी, शक्यतो दर मोजणीला दिवसाची तीच वेळ, आणि मुलाने स्वतः लिहिणं. त्यांनी वहीत टिपून घेतलं. आम्ही काही पालक जुलैत मदतीला येऊ, असं ठरलं आहे. मुख्याध्यापकांची परवानगी अजून यायची आहे.

ताईच्या शाळेतून यंदा सहा मुलं चौथी पास होऊन बाहेर पडली. पाचवीसाठी त्यांना घाट उतरून मोठ्या शाळेत जावं लागतं, आणि इथली नोंद तिथे जात नाही. दाखल्यावर जन्मतारीख असते, इयत्ता असते, चार वर्षांच्या वाढीला जागा नसते. म्हणून तिने मे महिन्यात बसून प्रत्येकाची आठ मापं एका कार्डावर उतरवली, चष्म्याचा नंबर, किडलेली दाढ, कुणाला दम लागतो, सगळं खाली लिहिलं, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत ते पालकांच्या हातात दिलं. वर्गशिक्षकांनाच द्या, कपाटात ठेवायला देऊ नका, असं प्रत्येकाला दोनदा सांगितलं. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर ती स्वतः खाली जाणार आहे, कार्डं पोचली का बघायला.